चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत लॅपटॉपच्या चार्जरांची तुलना करणारा लेख वाचला. सोबत तक्ता होता: कोणता चार्जर किती लहान, किती वजनाचा, किती वॉटचा. तक्ता सुबक होता, पण त्याखालच्या दोन वाक्यांनी मला हे पत्र लिहायला बसवले. एक, ‘लॅपटॉपला लागतात त्याहून जास्त वॉटचा चार्जर जोडू नये, बॅटरी खराब होते.’ दुसरे, ‘चार्जर हाताला जड लागला तर समजावे की माल चांगला आहे.’ पहिले साफ चूक. दुसरे एके काळी थोडेफार खरे होते, आता नाही, आणि का नाही याचा पुरावा हे लिहिताना माझ्या टेबलावर पडलेला आहे. त्याच्याकडे येतेच.

मी तंत्रशिक्षणाच्या कार्यशाळेत ३१ वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवले. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. गोतावळ्यात कुणाचाही चार्जर बंद पडला की तो आधी माझ्याकडे येतो, ‘मावशी, बघ ना जरा’ म्हणून. दुरुस्त होतोच असे नाही. आजकालचे चार्जर उघडायचे म्हणजे फोडायचेच, कारण त्यांना स्क्रू नसतात; कवचाचे दोन भाग कारखान्यात वितळवून एकजीव केलेले असतात. पण फोडल्यावर आतले दिसते. आतले न बघता नुसत्या खोक्यावरून तुलना करणे म्हणजे पत्रिका बघून लग्न ठरवण्यासारखे आहे.

आधी वॉटचा घोळ मिटवू. घरातल्या एकाच लाइनीवर गीझर चालतो आणि झिरोचा बल्बही लागतो. लाइन गीझरचा भार पेलू शकते म्हणून झिरोचा बल्ब कधी उडालेला नाही. चार्जरवरचा वॉटचा आकडा हा असाच आहे: जास्तीत जास्त एवढे देता येईल. किती घ्यायचे ते लॅपटॉपच ठरवतो. ४५ वॉटवर भागणाऱ्या लॅपटॉपला १०० वॉटचा चार्जर लावला तर लॅपटॉप ४५च घेईल आणि चार्जर अर्ध्या ताकदीने, त्यामुळे जरा थंडच राहून काम करेल. उलट केले तर त्रास आहे. भाचा अॅनिमेशनचे काम करतो. त्याच्या लॅपटॉपला मूळचा २३० वॉटचा अवजड चार्जर आहे. प्रवासात त्याने १०० वॉटचा लहान नेला. लिहिण्या-वाचण्यापुरते सगळे छान चालले. पण चित्रफीत तयार करायला लावली की प्लग भिंतीत असूनही बॅटरी उतरत गेली. जळले काही नाही. कमी पडले, एवढेच.

व्होल्ट मात्र जुळायलाच हवेत, आणि इथे जुन्या-नव्याचा फरक कळायला हवा. जुन्या गोल पिनेच्या चार्जरच्या पाठीवर एकच ओळ असे, उदाहरणार्थ १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. गुणाकार केला की ६५ वॉट. असा चार्जर बदलताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेची धन-ऋण बाजू तीच, एवढे पाहिले की झाले. (काही पिनांच्या मधोमध बारीक सुई असते, ती चार्जरची ओळख लॅपटॉपला सांगते. ती मोडली तर व्होल्ट बरोबर असूनही लॅपटॉप हट्टाला पेटतो आणि बॅटरी भरत नाही.) टाइप-सीचा चार्जर मात्र जोडताक्षणी फक्त ५ व्होल्ट देतो. मग तो आपली यादी वाचून दाखवतो: माझ्याकडे ५ आहेत, ९ आहेत, १५ आहेत, २० आहेत. लॅपटॉप म्हणतो, २० दे. हे बोलणे पार पडल्याशिवाय २० व्होल्ट वायरीवर येतच नाहीत. म्हणून त्याच चार्जरवर फोनही निर्धास्त लावता येतो. यूएसबी पॉवर डिलिव्हरी नावाच्या या बोलीचा पहिला मसुदा २०१२चा; २०२१मध्ये तिची मजल ४८ व्होल्ट आणि ५ अँपिअर, म्हणजे २४० वॉटपर्यंत नेली गेली.

एवढे सोपे आहे, तर मग लोक गोंधळतात का? कारण खोक्यावर वॉट ठसठशीत छापतात आणि ते कोणत्या व्होल्टवर मिळणार हे पाठीवर, राखाडी प्लास्टिकवर राखाडी शाईने, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. भाच्याच्या बहिणीने एकदा फोनसोबत आलेला चार्जर लॅपटॉपला लावला. लॅपटॉप ६५ वॉटचा, चार्जरवर ६५ वॉट. तरी पडद्यावर ‘चार्जर संथ आहे’ अशी तक्रार. तिला वाटले लॅपटॉप बिघडला. मला चष्मा लावूनही ते लेबल वाचता येईना. शेवटी मोबाइलने फोटो काढून बोटांनी मोठा केला. तिथे लिहिले होते: ५ व्होल्ट २ अँपिअर, ९ व्होल्ट २ अँपिअर, १० व्होल्ट ६.५ अँपिअर. शेवटची ओळ म्हणजे ते मिरवलेले ६५ वॉट, पण ती फोनच्या कंपनीची खासगी भाषा. लॅपटॉपला ती येत नाही. २० व्होल्टची ओळच नाही. लॅपटॉपच्या वाट्याला आली ९ व्होल्टची ओळ, १८ वॉटची. आता आपल्या तक्त्यात हा चार्जर ६५ वॉटच्या रकान्यात बसला असता, आणि वाचकाने तो विश्वासाने घेतला असता.

तशीच गत वायरीची. भाच्याच्या त्या १०० वॉटच्या चार्जरवर मी यूएसबीचा छोटा मीटर लावला, तर आकडा २० व्होल्ट आणि तीनच्या जरा खाली अडकलेला. ५९ वॉट. चार्जर नवाकोरा. वायर बदलली आणि आकडा सरळ ८८वर गेला. टाइप-सीची साधी वायर ३ अँपिअरपर्यंतच चालते. त्यापुढे ५ अँपिअर न्यायचे तर वायरीच्या टोकातल्या प्लगमध्ये एक चिमुकली चिप लागते. ‘मला पाच झेपतात’ असे ती चार्जरला सांगते. ती चिप नसेल तर चार्जर तीनवरच थांबतो, आणि थांबतो हे उत्तमच आहे, नाहीतर पातळ वायर तापली असती. पण खोक्यात चार्जरसोबत कोणती वायर दिली आहे हे तुलनेत यायला नको का? लेखात वायर हा शब्द एकदाच आला, तोही तिचा रंग सांगायला.

दोन-तीन तोंडांच्या चार्जरबद्दल थोडक्यात सांगते. ६५ वॉट ही एकूण बेरीज असते. दुसरे तोंड वापरात आले की लॅपटॉपच्या वाट्याला ४५ किंवा त्याच्या आसपास उरतात. शिवाय दुसरी वायर खुपसली की अनेक चार्जर सगळ्यांशी पुन्हा पहिल्यापासून बोलणी करतात आणि त्या क्षणभरात वीज तुटते. लॅपटॉपला बॅटरी आहे, त्याला कळतही नाही. पण मी एका रात्री जुने फोटो हार्ड डिस्कवर उतरवत होते, हार्ड डिस्क ज्या हबला होती त्याला वीज याच चार्जरमधून, आणि कुणीतरी मागून येऊन दुसऱ्या तोंडात आपला फोन खुपसला. डिस्क टुणकन बंद. साडेतीन हजार फोटोंची प्रत अर्ध्यावर. कुणी, ते इथे लिहीत नाही, घरात वाचतील.

आता आकार. जुन्या चार्जरला आमच्याकडे सगळे ‘वीट’च म्हणतात. माझ्याजवळची वीट ६५ वॉटची आहे: लांबी १०८ मिलिमीटर, रुंदी ४६, जाडी ३०. भिंतीकडची जाड वायर सोडून वजन २९० ग्रॅम. नवा चार्जरही ६५ वॉटचाच: ५२ बाय ३८ बाय २९, वजन ११२ ग्रॅम. घनफळ काढले तर विटेचे १४९ घन सेंटिमीटर, नव्याचे ५७. ताकद तेवढीच आणि जागा चाळीस टक्क्यांहून कमी. यात जादू नाही. चार्जर भिंतीतल्या २३० व्होल्टच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेची आधी सुमारे ३२५ व्होल्टची एकाच दिशेची वीज करतो. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतो, ते तुकडे फेराइटच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे जातात आणि तिथे २० व्होल्ट होऊन बाहेर पडतात. तुकडे जितके बारीक आणि जलद, तितका ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. याच ६५ वॉटसाठी थेट भिंतीतल्या ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या मारणाऱ्या विजेवर, चालणारा लोखंडी पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर बनवला तर एकटा तोच किलोभराच्या पुढे जाईल. आमच्या कार्यशाळेत मुले असले ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळत आणि संध्याकाळी मनगटे चोळत घरी जात.

सिलिकॉनचा स्विच फार जलद उघड-मिट करायला लावला की प्रत्येक वेळी थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून त्याला मर्यादा होती. गॅलियम नायट्राइडचा स्विच तेच काम अधिक चपळाईने आणि कमी नासाडीत करतो. जाहिरातीतला ‘गॅन’ तो हाच. हा पदार्थ आपल्या ओळखीचाच आहे: निळा एलईडी याच्यातूनच उजळला आणि त्या कामासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण चार्जरमधले सगळेच आकसत नाही, आणि हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. ५० हर्ट्झची वीज सेकंदातून १०० वेळा शून्याला टेकते. त्या प्रत्येक खळग्यात लॅपटॉपला पुरवठा चालू राहावा म्हणून आत एक दंडगोल कपॅसिटर असतो, चारशे व्होल्टचा, अंगठ्याएवढा. स्विच कितीही चपळ आणा, भिंतीतली वीज ५० हर्ट्झचीच राहणार. म्हणजे हा दंडगोलही राहणार. लहान चार्जर फोडला की बरीच जागा यानेच अडवलेली दिसते. ज्याला खर्च आणि जागा चोरायची तो इथे हात मारतो, बारका कपॅसिटर बसवतो. वर हा कपॅसिटर उष्णतेला सगळ्यात नाजूक. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा आमच्या धंद्यातला पाठ केलेला हिशेब.

आणखी एक पायरी ७५ वॉटला आहे. त्याहून जास्त वीज घेणाऱ्या अशा उपकरणांनी भिंतीतली वीज हिसके मारत न घेता सुरळीत ओढावी असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. त्यासाठी आत आणखी एक कॉइल, आणखी एक स्विच असा अख्खा मजला चढवावा लागतो. म्हणून ६५चे चार्जर खिशात मावतात आणि १००चे एकदम थोराड दिसतात. आपल्या लेखकाने याला ‘कंपन्यांची उदासीनता’ म्हटले आहे. उदासीनता कसली, मानक पाळले आहे त्यांनी.

आता ज्याची लोकांना खरी भीती वाटते त्याबद्दल: ‘लहान चार्जर फार तापतो हो.’ मी दोन्ही चार्जरांवर पूर्ण ६५ वॉटचा भार टाकला, भिंतीकडून किती वीज जाते ते मोजले आणि तासाभराने कवचावर तापमापक चिकटवला. विटेने ७५ वॉट घेऊन ६५ दिले, म्हणजे १० वॉट तिच्या अंगातच मुरले. नव्याने ७० घेऊन ६५ दिले, मुरले ५. म्हणजे उष्णता निम्मी. पण विटेच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ भरते १९२ चौरस सेंटिमीटर आणि नव्याचे ९२. उष्णता निम्मी, आणि ती बाहेर टाकायला अंगही निम्मेच. खोलीत २८ अंश असताना वीट ६२वर थांबली, नवा ६४वर. बोटाला दोन्ही सारखेच चटकतात. मात्र विटेचा चटका जमिनीवर टेबलामागे पडलेला असतो म्हणून कुणी हात लावत नाही, आणि नव्याचा भिंतीवर हाताच्या उंचीला असतो म्हणून सगळे लावतात.

या हिशेबाची दुसरी बाजू मात्र गंभीर आहे. लहान आकार कार्यक्षमतेच्या जोरावर कमवावा लागतो. विटेइतकीच नासाडी करणारे सर्किट कुणी त्या ९२ चौरस सेंटिमीटरच्या डबीत कोंबले, तर तेवढ्याच अंगातून दुप्पट उष्णता बाहेर पडायला बघेल. म्हणून लहान चार्जर घेताना ‘किती लहान’ यापेक्षा ‘पूर्ण भारावर किती तापतो’ हा प्रश्न मोठा. आणि तो गादीवर, उशीखाली, पांघरुणात असेल तर वरचे सगळे आकडे फोल. त्याला अंगच उरत नाही.

आता टेबलावरचा पुरावा. माझ्या मैत्रिणीचा मूळ चार्जर हरवला, म्हणून तिने तसाच दिसणारा दुसरा घेतला. नाव ओळखीच्या कंपनीचे, पण अक्षरे किंचित तिरपी. चार महिन्यांनी त्याला जळका वास येऊ लागला. लॅपटॉपचा कर्सरही म्हणे चार्जर लावला की आपोआप नाचायचा. (हे लक्षण लक्षात ठेवण्यासारखे आहे. चार्जरमधून विजेचा गोंगाट लॅपटॉपपर्यंत पोचला की टचपॅडला बोट कुठे आहे ते नीट कळेनासे होते.) मी तो काट्यावर ठेवला: ३०५ ग्रॅम. माझ्या विटेपेक्षा १५ ग्रॅम जास्तच. आपल्या लेखातल्या कसोटीने हा चार्जर माझ्या विटेच्या वरच्या क्रमांकाने पास झाला असता.

दोन दिवस तो प्लगपासून बाजूला ठेवला, कारण आतला कपॅसिटर वीज धरून बसलेला असू शकतो. वाचकांनी कृपा करून हे उद्योग घरी करू नयेत. मी ज्या कामाचा पगार घेतला ते काम करते आहे. मग शिवणीवर पटाशी ठेवून हातोडीने चार बाजूंनी टिचक्या मारल्या. कवच उघडले तर सर्किट निम्म्या लांबीचेच. उरलेल्या जागेत एक लोखंडी पट्टी, ग्लू गनच्या गोंदाने चिकटवलेली. ती सोडवून वेगळी मोजली. ९६ ग्रॅम! एकतीस वर्षांत मी पुष्कळ वाईट सोल्डर पाहिले, पण हाताला जड लागावा म्हणून चार्जरमध्ये लोखंड भरणारा माणूस पहिल्यांदा भेटला. ग्राहक वजन जोखून माल घेतो हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

पट्टी बाजूला ठेवा, सर्किट बघा. कुठल्याही चार्जरच्या आतल्या पाटीवर, म्हणजे ज्या पट्टीवर सगळे भाग सोल्डर केलेले असतात तिच्यावर, एक सीमारेषा असते. एका बाजूला भिंतीतली वीज, ३२५ व्होल्टची. दुसऱ्या बाजूला आपण हात लावतो ती २० व्होल्टची. या दोन्हींना जोडणारी तांब्याची एकही वाट नसावी आणि दोन्हींमध्ये पाच मिलिमीटर किंवा जास्त अंतर असावे, म्हणजे धूळ बसो, ओल येवो, ठिणगी उडी मारणार नाही. चांगल्या चार्जरात ही रेषा डोळ्यांनी दिसते. पाटीवरचे तांबे तिथे खरवडल्यासारखे मोकळे असते, आणि दोन्ही बाजूंना निरोप पोचवणारा चार पायांचा ऑप्टोकपलर बसतो त्याच्या पोटाखाली पाटीला चक्क आरपार खाच पाडलेली असते. माझ्या नव्या ११२ ग्रॅमच्या चार्जरात ती खाच आहे. जागा इतकी कमी असूनही अंतर वाचवलेले नाही. जिथे जागा पुरली नाही तिथे मध्ये प्लास्टिकची भिंत उभी केली आहे. या ३०५ ग्रॅमच्या वजनदार गृहस्थात व्हर्निअरने मोजले तर सगळ्यात अरुंद ठिकाणी १.२ मिलिमीटर. एक सोल्डरचा थेंब ओघळला असता तरी पुरे होता.

फ्यूज नाही, त्याच्या जागी वायरीचा तुकडा. भिंतीकडचा गोंगाट अडवणारी कॉइल असायची तिथे नुसती भोके आणि दोन जंपर, म्हणजे सरळ जोडून टाकलेल्या तारा. ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमध्ये पिवळ्या टेपचा एकच पदर. आणि सीमारेषेवर पूल म्हणून बसणारा निळ्या बिल्ल्यासारखा कपॅसिटर साधाच, कुठलीही सुरक्षेची खूण नसलेला. हा भाग सगळ्यात जोखमीचा आहे. योग्य जातीचा, ज्याला आम्ही वाय कपॅसिटर म्हणतो, तो असा घडवलेला असतो की निकामी झालाच तर तुटून मोकळा व्हावा. साधा निकामी होताना जुळून बसू शकतो, आणि मग भिंतीतली वीज थेट लॅपटॉपच्या धातूच्या कवचावर. कवचावर म्हणजे मांडीवर.

या सगळ्यावर, बाहेरच्या लेबलवर, चौकोनात चौकोन असे दुहेरी इन्सुलेशनचे चिन्ह अगदी स्वच्छ छापलेले होते. जवळजवळ सगळा चार्जर खोटा आणि चिन्ह मात्र खऱ्याहून ठळक.

वाय कपॅसिटरवरून आठवले. धातूच्या लॅपटॉपवर मनगट हळूच फिरवले की मुंग्या आल्यासारखे वाटते, टेस्टर लावला तर मंद उजळतो, आणि घरात घबराट होते. दोन पिनांच्या अस्सल चार्जरातही हे होते. वाय कपॅसिटरमधून मिलिअँपिअरच्या लहानशा अंशाइतका प्रवाह झिरपतो, तो हा. अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या चार्जरात तो जमिनीत जातो आणि मुंग्या थांबतात. लहान चार्जर बहुतेक दोन पिनांचे असतात, त्यामुळे ही तक्रार वाढली आहे. अस्सल चार्जरातल्या मुंग्यांना भिऊ नका. मात्र झिणझिणी जाऊन झटका बसला, तर त्याच क्षणी बटण बंद करा आणि तो चार्जर पुन्हा लावू नका.

लहान चार्जरविरुद्ध माझी स्वतःची एकच तक्रार आहे. वीट जमिनीवर लोळते, सॉकेटमध्ये फक्त प्लग असतो. लहान चार्जर स्वतःच सॉकेटला लटकतो. शंभर-सव्वाशे ग्रॅम वजन, वर त्याला वायरीची ओढ, आणि खालचे सॉकेट जर सैल झालेले असेल तर चार्जर मान टाकतो, आतली पकड अर्धवट होते, बारीक ठिणग्या पडतात आणि प्लगची पिन काळी पडते. लोक चार्जरला दोष देतात. दोष त्या सैल सॉकेटचा असतो, पण विटेने तो इतकी वर्षे झाकून ठेवला होता. दुसरीकडे, टाइप-सीची वायर तुटली तर नुसती वायर बदलता येते; विटेची वायर मानेशी तुटली की अख्खी वीट भंगारात. हिशेब माझ्या मते लहान चार्जरच्याच बाजूने जातो.

युरोपीय महासंघाने फोन वगैरेंसाठी २८ डिसेंबर २०२४पासून आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६पासून टाइप-सी सक्तीचे केले. त्याची चर्चा सगळीकडे झाली. त्याच नियमातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: उपकरणाला किमान किती आणि कमाल किती वॉट लागतात हे ठळक खुणेने छापायचे. ग्राहकाच्या कामाचे तेच आहे. तसेच चार्जरवरही छापले, एका तोंडाला २० व्होल्टवर किती आणि दोन्ही तोंडे भरल्यावर किती, तर माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

तोवर ते काम आपल्यासारख्या वृत्तपत्रांना करता येईल. पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा वजनाचा रकाना हवा तर ठेवा, पिशवीत वागवणाऱ्याला तो लागतो. पण त्याच्या शेजारी २० व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर आहेत ते लिहा. दुसऱ्या तोंडाला फोन लावल्यावर लॅपटॉपला किती उरले ते लिहा. सोबतची वायर तीनची की पाचची ते लिहा, आणि पूर्ण भारावर तासभर चालवून कवच किती तापले तेही. मोजमापाला माणूस लागला तर मी मोकळीच आहे. भार द्यायला लागणारे रेझिस्टर माझ्या माळ्यावर आहेत.

आपली,
एक निवृत्त निदेशिका

ता. क. मैत्रिणीला तो चार्जर परत हवा आहे, ‘कुणाला तरी दाखवायला’. सर्किट देईन. पट्टी मी ठेवून घेतली आहे, या पत्राचे कागद सध्या तिच्याखालीच आहेत.